सूनबाईच्या हाताचं पिस्तूल

ये गं पोरी, बस अशी जवळ. कागदावरच का होईना, पण बस. आधी रागावून घेते, मग सांगते. तुझ्या नवऱ्याने तिकडे अमेरिकेत घर घेतलं, घरात ठेवायला दोन पिस्तुलं पसंत केली, दोन्ही अगदी एकसारखी, आणि तू मला त्यांचा फोटो पाठवून खाली लिहितेस, ‘मावशी, फार रिलायबल आहे म्हणे.’ म्हणे! कोण म्हणे? तू हातात धरलंस का ते? चप्पल घ्यायची तर अख्ख्या दुकानातून चालून बघतेस, सेल्समनला घाम फोडतेस, आणि जी वस्तू उशाशी ठेवायची ती फोटोवर पसंत? अशी कशी गं तू?

मावशीला यातलं काय कळतंय, असं मनात आलं ना आत्ता? थोडं कळतं. शाळेत जाऊन शिकलेलं नाही, पण डोळ्यांनी बघितलेलं आहे. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

२००८ ची मंदी आली तेव्हा तू शाळेत होतीस, तुला फक्त मैत्रिणी कमी झालेल्या आठवत असतील. आम्ही इथेच दुबईत, ऊद मेथात राहायचो. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एकेक करून थांबल्या. बिल्डिंगमधलं आज हे कुटुंब निघालं, उद्या ते निघालं, लिफ्टमध्ये सदानकदा कुणाचे तरी खोके. तुझे काका अल क्वोजच्या काँक्रीटच्या प्लांटवर होते. तिथले मिक्सरचे ट्रक ओळीने उभे राहिले, चाकांवर वाळू चढली. आणि आमच्या मुलाच्या कंपनीने, तेलविहिरींना यंत्रं पुरवणारी कंपनी ती, दुबईचं ऑफिसच बंद केलं. इथे नोकरी गेली की व्हिसा गेला, खलास. पण त्याचं काम चांगलं होतं, म्हणून त्याला विचारलं, टेक्सासला जाशील का?

हो म्हणण्यावाचून काय होतं! पण काम असं की दोन आठवडे विहिरीवर, मग घरी. घर गावाबाहेर, शेजार हाकेच्या अंतरावर नाही. सून आणि आमची चार वर्षांची नात त्या घरात एकट्या. त्याच्या आधी तिथे गेलेल्या एका सहकाऱ्याची बायको सुनेशी फोनवर बोलली. म्हणाली, भर दुपारी एक माणूस स्वयंपाकघराच्या दाराची मूठ फिरवून बघत होता. मग खिडक्या बघत घराभोवती फिरला. मी मुलाला घेऊन न्हाणीघरात बसले, पोलीस यायला इतका वेळ लागला की मुलगा माझ्या मांडीवर झोपून गेला.

फोन ठेवल्यावर सुनेने आधी उठून दाराला कडी घातली. तुला माहीत आहे ना, इथे आपल्यासारख्या नोकरदारांनी घरात पिस्तूल ठेवायचा प्रश्नच येत नाही, आणि गरजही कधी वाटली नाही. मी तर दार नुसतं ओढून खाली कोथिंबीर आणायला जायची. त्यामुळे आम्हाला ती भीतीच नवी होती.

मुलगा म्हणाला, “तिथे सगळेच ठेवतात. आपणही ठेवू. पण जायच्या आधी इथे शिकून घेऊ. हिला जमलं तर तिघं जाऊ.”

“आणि नाही जमलं तर?” मी विचारलं.

“तर ह्या दोघी पुण्याला. मी एकटा जातो.”

एवढं सगळं त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं बघ. आमची नात बापाच्या पोटावर झोपणारी मुलगी. ती कुठे वाढणार, कुणाजवळ वाढणार, ते तिच्या आईच्या हातात काय मावतं त्यावर ठरणार होतं.

शहराबाहेर वाळवंटात एक नेमबाजीचा क्लब होता. ओळखपत्र दाखवायचं, क्लबचंच पिस्तूल, क्लबच्याच गोळ्या, आणि शेजारी शिकवणारा माणूस. नातीला शेजारणीकडे ठेवून आम्ही चौघं गेलो. मुलगा म्हणत होता, “तुम्ही दोघं कशाला?” हे म्हणाले, “घरात बसून काय भिंती मोजू?” कामं बंद पडल्यापासून ह्यांना कुठेही चला म्हटलं की चालायचं.

शिकवणारे पाकिस्तानी फौजेतून निवृत्त झालेले होते, पांढरी दाढी, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्यांनी पहिल्यांदा पिस्तूल दाखवलंच नाही. म्हणाले, “पहले ज़बान से बोलो, फिर हाथ लगाओ.” आणि प्रत्येकाकडून वदवून घेतलं: नळी कायम समोरच्या भिंतीकडे. नेम धरल्याशिवाय बोट चापावर नाही. आणि प्रत्येक पिस्तुलात गोळी आहे असंच समजायचं. माझ्याकडूनसुद्धा वदवून घेतलं गं! मी म्हटलं, मी नुसती बघायला आलेय. तर म्हणाले, “देखने वाले को भी लगती है, अम्मा.”

मुलाने त्याच्या मनातलं पिस्तूल मागितलं. चांगलं जाडजूड, काळं, इंटरनेटवर महिनाभर वाचून ठरवलेलं. तो आमच्या घरचा हात, पंजा म्हणजे परात. त्याने धाडधाड सगळ्या गोळ्या झाडल्या, कागदाला मधोमध भोकं पडली. एकदाही अडलं नाही. वळून म्हणाला, “बघ आई. कधी दगा देत नाही. आम्ही दोघांसाठी हेच घेणार.”

मग सुनेने धरलं. तुला माझं माहेर माहीत आहे, कासाराचं. लहानपणापासून मी आलेल्या बायकांचे हात दाबून बघितलेत. माणसाच्या उंचीवरून बांगडी कधी ठरत नाही. अंगठ्याखालचं हाड किती मिटतं, त्यावर ठरते. सुनेचा हात मला पाठ होता. त्या पिस्तुलाची मूठ तिच्या पंज्यात भरत नव्हती. चापापर्यंत बोट पोचावं म्हणून तिने अख्खा हातच बाजूला फिरवला होता. म्हणजे धक्का बसणार तो मनगटाच्या रेषेत नाही, अंगठ्याच्या बुडख्यावर.

“अगं घट्ट धर! मोदक आहे का तो, हळूच उचलायला?” मुलगा म्हणाला.

“मोदक असता तर तुझ्या हातात फुटला असता आधी,” ती म्हणाली. हसली, पण ओठ कोरडे पडले होते तिचे.

पहिली गोळी गेली. दुसरी गेली. तिसऱ्यानंतर पिस्तूल अडलं. रिकामं पितळी काडतूस बाहेर उडायचं, ते वरच्या फटीत उभंच अडकलं. उस्तादांनी ते काढलं, पुन्हा तिच्या हातात दिलं. पुन्हा अडलं. मुलगा म्हणाला, हे पिस्तूलच खराब दिसतंय. उस्तादांनी स्वतः चार गोळ्या झाडल्या. एकही अडली नाही. मग हिंदीत समजावलं: गोळी सुटली की वरचा भाग जोरात मागे येतो आणि रिकामं काडतूस फेकतो. त्या वेळी खालचा हात भक्कम उभा लागतो. हात मऊ पडला तर तो भाग पुरता मागे जात नाही, आणि मग अडतं.

ऐकलंस का? म्हणजे तेच पिस्तूल, त्याच गोळ्या, एकाच्या हातात भरवशाचं आणि दुसऱ्याच्या हातात नाही. आता कळलं मी का चिडले ते?

पण ऐक, खरी गोष्ट पुढेच आहे. तिने पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यांदा अडलं. ती खाली बघत राहिली. उस्ताद मागच्या टेबलावरचं काहीतरी घ्यायला वळले, क्षणभरच. तिने एका कानावरचं, धडाका कानात जाऊ नये म्हणून घालतात ते जाड झाकण वर सरकवलं, त्यांनी काही सांगितलं तर ऐकू यावं म्हणून. आणि आमचे हे, मिक्सरच्या घरघरीवर आवाज चढवायची जन्माची सवय, बघणाऱ्यांसाठी आखलेल्या पिवळ्या पट्टीमागून ओरडले, “सूनबाई! कोपर सरळ!”

आणि ती वळली. अख्खी वळली. “हो बाबा,” म्हणाली, आणि तिच्याबरोबर ती नळीही वळली.

मी ते भोक बघितलं गं. काळं, एवढंसं. आधी माझ्या पोटाकडे, मग ह्यांच्या छातीकडे. तिचं बोट अजून चापावरच होतं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, नेहमीचा आदबीचा भाव, चहा आणू का बाबा विचारताना असतो तसा. उस्तादांनी झेप घेऊन तिचं मनगट धरलं आणि खाली, भिंतीकडे दाबलं. पिस्तूल काढून घेतलं. ते ओरडले नाहीत. नुसतं “बस. आज बस,” म्हणाले.

तेव्हा कुठे तिला कळलं.

घरी आल्यावर मुलाने ज्या शांतपणे सांगितलं, त्याची मला जास्त भीती वाटली. “ठरलं. तुम्ही दोघी पुण्याला जा.”

हे म्हणाले, “चूक माझी आहे. मी हाक मारायला नको होती.”

“बाबा, चूक कुणाची हा मुद्दाच नाही. तिथे कुणी हाक मारणार नाहीये का? ही पिस्तूल घेऊन दाराकडे बघत उभी असेल, आणि मागून मुलगी म्हणेल, ‘मम्मा!’ मग?”

नात तिथेच जमिनीवर चित्रं रंगवत होती. आपला विषय निघाला म्हणून मान वर करून म्हणाली, “व्हॉट डिड आय डू?” सून उठून आत गेली.

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले. ती ओट्याला धरून उभी. म्हणाली, “आई, मी मुद्दाम नाही वळले. मला कळलंच नाही वळल्याचं. बाबांनी हाक मारली, आणि त्यांच्याकडे पाठ करून कशी बोलू?”

हे ऐकलं आणि मला लख्ख दिसलं. आपल्याकडे मुलीला काय शिकवतात? मोठ्यांनी हाक मारली की हातातलं काम तसंच ठेवायचं, तोंड त्यांच्याकडे करायचं, मग ‘ओ’ द्यायची. तिच्या आईने शिकवलं, मलाही माझ्या आईने शिकवलं. उस्तादांचे सगळे नियम तिच्या जिभेवर होते, पण हा नियम पाठीच्या कण्यात होता. तो आधी उठला.

मी म्हटलं, “मग हा मोडायचा. आजपासून या घरात तू पाठ करूनच बोलायचंस.”

“आई, मला नाही जमायचं.”

“पुणं जमेल?”

तिने माझ्याकडे बघितलं. “नाही,” म्हणाली.

इकडे तुझ्या काकांनी भलतंच आरंभलं होतं. तिला हाक मारणंच बंद केलं. पाणी हवं असलं तर उठून, स्वयंपाकघरात जाऊन, ओट्याला वळसा घालून तिच्या समोर जाऊन उभे राहायचे, आणि कुजबुजत मागायचे. एवढा मोठा माणूस! मी म्हटलं, “अहो, हे काय चोरासारखं? तुम्ही मारायचीच हाक. दिवसातून हवी तेवढी. आणि जोरात.”

“मला धसका बसलाय गं,” म्हणाले. खरंच बसला होता. पण मारायला लागले. ती पोळ्या लाटत असली, कपडे वाळत घालत असली, की मागून, “सूनबाई!” आणि ती वळायची. हाताला कणीक, हातात चिमटे, तशीच वळायची आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायची, कणकेसकट. मुलगा सोफ्यावरून नुसता बघायचा. त्याच्या डोळ्यांत पुण्याच्या तिकिटांचाच विचार असायचा, मला दिसायचं.

मग मी तिच्या हातात उलथनं दिलं. म्हटलं, हे भिंतीकडे धर, आणि हाक आली तरी हे भिंतीवरून हलू द्यायचं नाही. आधी उलथनं खाली ठेवायचं, मग वळायचं. तोंडाने काय म्हणायचंस ते तू ठरव. नातीला तो खेळच झाला. आजोबांच्या मांडीवर चढून त्यांच्या कानात सांगायची, “नाऊ, आजोबा, नाऊ!” आणि आई वळली की टाळ्या, “मम्मा, यू आर आउट!” पुढे पुढे ती स्वतःच हाक मारायला लागली. ते कठीण होतं बरं का. सासऱ्यांच्या हाकेला एक वेळ थांबता येतं. लेकराच्या हाकेला आई नुसती वळत नाही, निम्मी धावते.

पण हळूहळू उलथनं भिंतीवर टिकायला लागलं. एकदा सून पाठमोरी राहून म्हणाली, “थांब गं, आले,” आणि नात तोंड पाडून म्हणाली, “शी डिडन्ट फॉल फॉर इट.” त्या दिवशी मी मुलाला म्हटलं, पुन्हा क्लबला जायचं.

“आई, उगीच आशा लावू नकोस तिला.”

“तुला घ्यायचंय ना तिला बरोबर, की नाही घ्यायचं?” त्याने गाडीची किल्ली उचलली.

या खेपेला उस्तादांनी आम्हाला दारातच थांबवलं. सुनेला एकटीला आत नेलं, सगळे नियम पुन्हा वदवले, मग आम्हाला पट्टीमागे उभं केलं. मुलगा म्हणाला, “हिचा हात लहान, हिला एकदम छोटं पिस्तूल द्या, पर्समध्ये मावणारं.” उस्तादांनी दिलंही. ते सुटलं तेव्हा तिच्या हातातून उसळून कपाळापर्यंत गेलं, अंगठ्याजवळ लाल झालं. वजन कमी, म्हणजे धक्का सगळा हातालाच. मग चक्रीचं रिव्हॉल्व्हर दिलं. ते काही अडत नाही म्हणे, पण चाप इतका जड की ओढता ओढता नळी डावीकडे सरकायची. तिचं पुरं बळ त्या एका बोटात संपत होतं.

चौथं जे आलं ते दिसायला काही खास नव्हतं. ना छोटं, ना मोठं, मूठ मात्र निमुळती. मी मागूनच बघितलं, तिचा हात सरळ राहिला. बोटाचं पहिलं पेर बरोबर चापावर आलं, मनगट आणि नळी एका रेषेत. वरचा भाग मागे ओढायला तिला आधी जड जायचं. उस्तादांनी सांगितलं, छातीजवळ घ्या, वरचा भाग नुसता ओढू नका, तो घट्ट धरून खालची मूठ पुढे ढकला. तेही जमलं. गोळ्या जात राहिल्या, पितळ उडत राहिलं. मुलाने तेच पिस्तूल हातात घेतलं तर त्याचं बोट चापाच्या पार पलीकडे गेलं, करंगळी मुठीखाली लोंबायला लागली. “मला हे खेळण्यासारखं वाटतंय,” म्हणाला. मी म्हटलं, “तुला कुणी देत नाहीये ते.”

मग उस्तादांनी एक गोष्ट केली. मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांच्या मध्ये एक खोटी भरली, न उडणारी. कितवी, ते तिला सांगितलं नाही. स्वतः तिच्या शेजारी उभे राहिले, त्यांचा हात तिच्या मनगटापासून वीतभर अंतरावर. ह्यांच्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, अडलं की हाक मारा.

ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी दंडाला धरलं होतं. एक गोळी गेली. आणखी एक. मग नुसती खट्. तिने थांबून एका कानावरचं झाकण वर केलं. ह्यांनी तोंड उघडलं, आवाजच फुटेना. मी चिमटा काढला. मग तो प्लांटवरचा आवाज आला, “सूनबाई!”

तिचे खांदे हलले. मी डोळे मिटणार होते, मिटले नाहीत. खांदे हलले आणि परत जागेवर आले. नळी भिंतीकडेच. बोट चापावरून निघालं, बाजूला सरळ झालं. आणि समोर भिंतीकडे बघत, सासऱ्यांकडे पाठ करून, आयुष्यात पहिल्यांदा, ती जरा चढ्या आवाजातच म्हणाली, “थांबा बाबा!”

खोटी गोळी बाहेर काढली. उरलेल्या झाडल्या. रिकामं पिस्तूल टेबलावर ठेवलं, नळी समोर. दोन्ही तळवे उघडे करून मग वळली. “हं, काय म्हणत होतात?”

हे घसा खाकरून म्हणाले, “काही नाही. पाणी आहे का विचारत होतो.”

उस्ताद मोठ्याने हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच बघितलं. मुलगा हसला नाही. तो तिच्याजवळ गेला, तिचा लाल झालेला अंगठा हातात घेऊन बघत राहिला, आणि म्हणाला, “तीन तिकिटं काढतो.”

तिथे गेल्यावर दोघांनी दोन वेगळी घेतली, प्रत्येकाने आपल्या हाताचं. पलंगाशेजारी पक्की बसवलेली लोखंडी पेटी, मोठ्यांच्याच बोटांच्या ठशांनी उघडणारी, पोरीच्या नाही. आणि दाराशी आवाज आला तर पिस्तूल ही शेवटची गोष्ट; आधी पोरीला घेऊन आतल्या खोलीत, दाराला कडी, फोनवर पोलीस. हे सगळं सूनबाईने ठरवलं. अजून तरी ती पेटी फक्त सरावाला जातानाच उघडलीय, असं ती सांगते. मी रोज देवाला तेवढंच म्हणते, तशीच राहू दे. तिकडे जाऊन बघितलं तर ती अजूनही मला ओट्यापाशी पाठमोरी उत्तर देते. तिकडच्या एका मराठी बाईंना ते भारी खटकलं. मला नाही खटकत.

आता माझं ऐक. सूनबाई सुट्टीला इकडे यायची आहे, आमच्याकडेच उतरेल. ती आली की तूही ये, तिकडे नवऱ्याकडे जायच्या आधी चार दिवस राहायला ये. नवऱ्याला म्हणावं, तोवर काही विकत घेऊ नकोस. मी सांगितलं ते म्हातारीचं बोलणं झालं. ती तुला समोर उभी करून, हात धरून दाखवेल. ह्यांनाही करमत नाही, नवीन माणूस दिसलं की खुलतात. मी तळलेले बोंबील करते, रात्रभर गप्पा मारू. नुसतं इन्शाल्ला लिहून पाठवू नकोस हं मला. ये गं लवकर.